आता मला हसा

घरतबाई विद्यार्थ्यांना हसायच्या. गालातल्या गालात नव्हे, कौतुकानेही नव्हे. चांगलं खो खो, टेबलाची कड धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पनवेलच्या त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात हे माझ्या कानावर पडलं. मी आठवीच्या एका तुकडीला समास शिकवत होते आणि शेजारच्या वर्गातून, भिंत मध्ये असूनही, एका बाईमाणसाचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. "काय चाललंय तिकडे?" मी विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "काही नाही बाई, कोणीतरी इंग्लिश वाचतंय."

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही, असं माझ्या घरचे म्हणतात. ते खरं असेल. पण शिक्षिकेने मुलांच्या वाचनाला हसायचं, हे ऐकून कोणीही हादरलं असतं. मी खडू ठेवला आणि तरातरा शेजारच्या वर्गाच्या दाराशी गेले. आत एक काळीसावळी, दोन वेण्यांची मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी होती. ही दर्शना. तिचे वडील कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, गाव सोलापूरकडचं, आणि शाळेत ती त्याच वर्षी आलेली. तिने 'नाइफ'चा 'क्नाइफ' असा ठणठणीत उच्चार केला होता आणि बाई अजून त्यातून सावरल्या नव्हत्या. सगळा वर्ग हसत होता. ती पोर कधीही रडेल अशी दिसत होती.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझं हसून झालं. आता मला हस."

दर्शनाने पुस्तक आणखी घट्ट धरलं.

"मला हसल्याशिवाय खाली बसायचं नाय. माझ्यात हसण्यासारखं काय नाय का? नीट बघ." बाई टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, नाकात मोठी चमकी, साडी घोट्याच्या वर. मग ती मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुम्ही चालता ना बाई, तेव्हा..." आणि तिने पुस्तक बाकावर ठेवून एक हात कंबरेवर घेतला, दुसऱ्याने नसलेला पदर खोचला आणि डोक्यावर पाटी असल्यासारखी मान ताठ ठेवून फळ्यापर्यंत चालत गेली. हुबेहूब बाई. वर्ग फुटला. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर घरतबाई. "अगो बाय माझे!" म्हणत त्या खुर्चीत बसल्या. "फिट्टंफाट. आता पुढचं वाच." आणि ती वाचायला लागली, न अडखळता नव्हे, पण न घाबरता. मी दारातून परत फिरले तेव्हा माझ्या वर्गातली मुलं खिडकीला लटकून हे सगळं बघत होती.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. स्वतःची ओळख करून द्यायची सोडून मी थेट म्हणाले, "मुलांना असं हसणं योग्य आहे का?" बाईंनी डबा उघडून माझ्यापुढे केला. त्यात सुकटीची चटणी होती. मी दचकून मागे सरले, त्यावरही त्या हसल्या. "लेलेबाई, तुमी मराठीच्या ना? मग मला सांगा, हसणं आणि हसं करणं, एकच का?" मी म्हटलं, नाही. "तेच तर. मी हसते. हसं नाय करत कोणाचं."

त्या जवळच्याच गव्हाण गावच्या. भातशेती होती ती केव्हाच सरकारने घेतली, आणि बाईंच्या वडिलांनी आलेल्या मोबदल्यातून पोरीला शिकवलं. घरात कोणी इंग्रजीचं अक्षर ओळखत नव्हतं. आई धवलारीण. म्हणजे आगरी लग्नांत जी बाई विधींची गाणी म्हणते, जिच्याशिवाय हळद लागत नाही, ती. बाई वर्गात शिकवताना पुस्तकातली भाषा बोलत, इंग्रजीही स्वच्छ, ठासून बोलत. पण हसू आलं किंवा राग आला की गव्हाण बाहेर यायचं. "कलला का?" म्हणजे कळलं का, हे त्यांचं पालुपद. मुलं एका सुरात ओरडायची, "कलला, बाई!"

पुढे मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. मुख्याध्यापकांना वाटलं, मी शिकायला जाते. खरं तर मी पुढचा धक्का कोणता, ते बघायला जात होते. एके दिवशी धड्यात 'मेक अ लाफिंग स्टॉक ऑफ' हा वाक्प्रचार आला. एका मुलाने गाइडमधून पाठ केलेला अर्थ सांगितला, एखाद्याचं हसं करणे. "अर्थ बरोबर," बाई म्हणाल्या. "पण वापरायचा कुठे? मी दर्शनाला हसले. दर्शना मला हसली. कोणाचं हसं झालं?"

"दोघींचं!"

"कोणाचंच नाय. इथं हा वाक्प्रचार बसत नाय. समजा, तुमचा आजोबा बहिरा हाय. त्याच्या पाठीमागे उभं राहून तुमी त्याच्यासारखी तोंडं करता आणि घरातले हसतात. आजोबाला कळत नाय, कशाला हसतात. तोही बिचारा हसतो. तिथं बसतो हा वाक्प्रचार. ज्याला उलटून बोलता येत नाय त्याला हसलं, की त्याचं हसं होतं. उलटून बोलता आलं, की ती गंमत. कलला का?" त्या दिवशी "कलला" जरा हळू आलं. वर्गात बऱ्याच जणांच्या घरी आजोबा असणार. मी बावीस पुस्तकं पालथी घालून मराठी शिकवणारी बाई, पण 'हसं होणे' याचा इतका नेमका उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

हे त्यांना कुठून सुचलं, ते मला त्यांच्या चुलत भावाच्या लग्नात कळलं. बाईंनी मला आग्रहाने हळदीला गव्हाणला नेलं. अंगणात मांडव, एकीकडे नवऱ्याकडच्या बायका, दुसरीकडे मामाकडच्या, आणि मधे घरतबाईंची आई, हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू. विधींची गाणी झाल्यावर दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून चिडवायला लागल्या. कोणाचं पोट, कोणाचं घोरणं, कोणाच्या सुनेचा स्वयंपाक. काही म्हणजे काही सोडलं नाही. माझे कान लाल झाले. आमच्याकडे असल्या एका वाक्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद झालं असतं. इथे समोरून तेवढंच जहाल उत्तर यायचं आणि दोन्हीकडच्या हसून लोळायच्या.

मग एक आजी माझ्याकडे बोट करून गायला लागल्या, "चष्मेवाली बाई आली गो, चिंबोरी बघून भ्याली गो!" जेवताना ताटातला खेकडा बघून मी खरोखरच ओरडले होते. सगळा मांडव माझ्याकडे बघून हसला. मी नखशिखांत गोठले. मला गाता येत नाही, तिथली भाषा येत नाही, उत्तर काय देणार कपाळ! तोच माझ्या शेजारून घरतबाई उठल्या, कंबरेवर हात घेऊन मधे गेल्या आणि गायल्या, "चिंबोरी तुमची बारकी गो, बाईने घेतली फिरकी गो!" मांडव दणाणला. ती आजी माझ्यापाशी येऊन माझ्या गालाला हळद फासून गेली.

"आमच्यात असं हाय," परतताना रिक्षात बाई म्हणाल्या. "एकाने हसायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पाहुण्याला उत्तर नाय देता आलं तर त्याच्या वतीने कोणीतरी उठायचं. उठलाच पायजे. नायतर पाहुण्याचं हसं होतं आणि मांडवाला बट्टा लागतो. माझी आई तर उत्तर झाल्याबिगर पुढचं गाणंच उचलत नाय." मी गालावरची हळद पुसायचं विसरले होते, हे घरी आरशात बघितल्यावर लक्षात आलं.

दर्शना दहावीत गेली तोवर बाईंची नक्कल करण्यात तिने एवढा हात साफ केला होता, की डोळे मिटले तर कोण बोलतंय ते समजू नये. शनिवारच्या शेवटच्या तासाला बाई स्वतःच तिला पुढे बोलवायच्या आणि खुर्ची वर्गाकडे वळवून प्रेक्षकांत बसायच्या. अशाच एका शनिवारी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हौसेने मोबाइलवर ते टिपलं. दर्शना बाईंच्या आवाजात म्हणत होती, "माय डिअर पोरांनो, इंग्लिश काय आभालातून परली नाय, ती पन कोनाच्या तरी आयशीनंच शिकवली. रिपीट आफ्टर मी!" आणि मुलं रिपीट करत होती. मुलीने ते मैत्रिणीला पाठवलं, मैत्रिणीने भावाला, भावाने त्याच्या ग्रुपवर. घरोघरी तेव्हा नुकतेच असले मोबाइल आले होते आणि लोकांना एकमेकांना पाठवायला काहीतरी हवंच होतं. खुर्चीत बसून हसणाऱ्या बाई त्या तुकड्यात कुठेच दिसत नव्हत्या. वर कोणीतरी लिहिलं होतं, 'पनवेलच्या इंग्लिश टीचर. मुलांचं भविष्य बघा.' खूप जणांना तर तो आवाज बाईंचाच वाटला.

सोमवारी संस्थेचे कार्यवाह शाळेत आले. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. उंच, पांढरेशुभ्र कपडे, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्हा सगळ्या शिक्षकांना उभं करून त्यांनी तो तुकडा मोठ्या आवाजात लावला. खोलीत दोघांतिघांनी हसू दाबलं. अण्णासाहेबांनी घसा खाकरला. "बाई, विद्यार्थिनी तुमची टिंगल करते आणि तुम्ही तिला करू देता?"

"तो तिचा डाव होता, साहेब. आधी मी हसले होते."

"उद्या ही मुलं माझीही नक्कल करतील!"

"करू द्या की. मग तुमी त्यांची करा."

मी डोळे मिटून घेतले. अण्णासाहेबांपुढे असं बोललेलं त्या खोलीने कधी ऐकलं नसेल; संध्याकाळपर्यंत ते शाळाभर झालं. त्यांचा चेहरा लाल झाला. मुलीचा दाखला काढून तिच्या हातात द्या, दहावीचा फॉर्म दुसरीकडून भरू दे तिला, असं ते म्हणाले, तेव्हा मात्र बाईंच्या तोंडावरचं हसू पार उतरलं. "पोरीला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "ती माझ्या सांगण्यावरून उभी राहिली. काढायचं तर माझं काढा." आणि त्यांनी काढलं. नववी-दहावीचं इंग्रजी दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याकडे गेलं. घरतबाईंना पाचवी-सहावीचा कार्यानुभव मिळाला. एवढं इंग्रजी येणारी बाई मुलांना घोटीव कागदाची फुलं करायला शिकवू लागली. मला हे सहन होईना. मी आणखी दोघांना घेऊन अर्ज केला, तो कुठे गेला देव जाणे.

बाजारात मासळीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे त्यांना "माय डिअर पोरांनो" म्हणायला लागले. समोरासमोर म्हणणाऱ्याची परतफेड बाई तिथल्या तिथे करत. एका रिक्षावाल्याला त्या म्हणाल्या, "तुझा मीटर जसा पलतो ना, तशी तुझी इंग्लिश पलली असती तर तू आज साहेब असता." तो मान खाली घालून हसला आणि स्टॅंडवरचे बाकीचे त्याला आठवडाभर तेच ऐकवत राहिले. मला वाटलं, बाई निभावतील.

पण एका दुपारी शिक्षकखोलीत आम्ही दोघीच होतो. पुढ्यात लाल कागदाचं अर्धवट गुलाब होतं आणि बाई त्याला तार गुंडाळत होत्या. अचानक म्हणाल्या, "लेलेबाई, माझ्या भाचीच्या सासरी, तिकडे नाशकात, तो व्हिडिओ पोचला. तिला विचारतात, हीच का तुझी मावशी. रिक्षावाल्याला मी उत्तर दिला. नाशकातल्या माणसाला काय देऊ? तो मला हसतो, पण मला तो दिसत नाय." त्यांनी तार करकचून ओढली. "तो वाक्प्रचार आता बसला बघा. आता वाक्यात उपयोग करता येईल." एवढे दिवस त्यांना खो खो हसताना बघितलेलं; त्या दिवशी त्या जे हसल्या ते मला बघवलं नाही. मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

त्यानंतर वर्गातून हसण्याचा आवाज येणं बंद झालं. बाई पुढची कितीतरी वर्षं कागदाची फुलं शिकवत राहिल्या, तीही उत्तम, आणि निवृत्तीला थोडा अवधी उरलेला असताना एका सकाळी शाळेला निघण्यासाठी चपला घालता घालता दारातच कोसळल्या. शिपायाने वर्गात येऊन मला सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावर खेकसले, "असली थट्टा करतात का?" कारण सकाळीच तर त्यांचा फोन आला होता, आज डब्यात भाकरी जास्त आणते म्हणून.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. बाईंच्या फोटोला हार. समोर पहिल्या रांगेत त्यांची आई, आता पार वाकलेली, तेच हिरवं लुगडं, पण कपाळ मोकळं. तिचा आवाज गेला होता. गाणं सोडाच, बोललेलंही शेजारच्याला मुश्किलीने ऐकू जाई. माजी विद्यार्थी बरेच आले होते. अण्णासाहेब बोलायला उठले, घसा खाकरला, बाईंच्या सेवेबद्दल चार बरे शब्द बोलले. मग काय वाटलं कोण जाणे, वातावरण हलकं करावं असं वाटलं असेल, ते हसून म्हणाले, "बाईंच्या इंग्रजीला आधी हळद लागायची आणि मगच ते बाहेर पडायचं. तो व्हिडिओ तुम्हा सर्वांना आठवत असेलच. माय डिअर पोरांनो!" आणि त्यांनी हेल काढून ते म्हणून दाखवलं.

सभागृहात हसू पसरलं. दबकं, पण सगळीकडून. शोकसभेत! मी सुन्न झाले. म्हातारीने वाकलेली मान वळवून मागे बघितलं, कोण हसतंय ते. मग तिने हार घातलेल्या फोटोकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. फोटोतली बाई काय उत्तर देणार? मला गव्हाणचा मांडव आठवला. उठलाच पायजे. मी खुर्चीचे हात पकडले, पण माझ्याजवळ उत्तर कुठे होतं? तेव्हाही नव्हतं, आताही नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दर्शना होती. आता द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करणारी, दिवसभर परदेशी लोकांशी फोनवर इंग्रजीत बोलणारी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिने एक हात कंबरेवर घेतला. दुसऱ्याने नसलेला पदर खोचला. मान ताठ. आणि ती खुर्च्यांच्या मधून चालत पुढे येऊ लागली. हसू जिथल्या तिथे थिजलं. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. घरतबाई चालत येत होत्या.

ती फोटोशेजारी उभी राहिली आणि बाईंच्या आवाजात म्हणाली, "अण्णासाहेब, तुमचं हसून झालं? आता माझा डाव."

तिने घसा खाकरला, थेट अण्णासाहेबांसारखा, पुन्हा खाकरला, तिसऱ्यांदाही खाकरला, आणि मग बाईंच्या आवाजात म्हणाली, "साहेब, एवढा खाकरून खाकरून शेवटी तुमी बोलता काय, तर 'दोन शब्द'. मग ते दोन शब्द तासभर संपत नाय. पोरं उन्हात उभी, झेंडा वाट बघतो, वारा पन थकून गेला. आनि इंग्लिश? त्या दिवशी ऑफिसात मी तुमाला म्हटलेला, तुमी पन नक्कल करा. इतकी वर्सं घेतली, पन केलीत. चांगली केलीत. फक्त मी गेल्यावर केलीत. लाफिंग स्टॉक कोन, ते आता तुमीच वाक्यात उपयोग करून सांगा. कलला का?"

मग मागून, कुठल्यातरी जुन्या तुकडीतलं कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "कलला, बाई." दुसऱ्या कोपऱ्यातूनही आलं. मग सगळीकडून. दर्शनाचा चेहरा एकदम तिचा स्वतःचा झाला, आठवीतल्या त्या पुस्तक धरून उभ्या असलेल्या मुलीचा, आणि ती ढसढसा रडायला लागली. अण्णासाहेबांनी माइक खाली ठेवला. ते फोटोपुढे आले, हात जोडून उभे राहिले आणि घसा न खाकरता म्हणाले, "चुकलं, बाई."

म्हातारी उठली. दोघांनी धरून तिला पुढे आणलं. तिने दर्शनाचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, बघितलं, आणि मग सगळ्या सभागृहाकडे वळून त्या गेलेल्या आवाजात काहीतरी म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. मी जवळ होते. मी उठून मोठ्याने सांगितलं.

"आजी म्हणतायत, आता हसा. उत्तर झाला."